झाड आपखुशीने देईल ते तेल

३ जून
आजपासून माझी ऑलिव्हची बाग सस्टेनेबल. अख्ख्या क्रीटमध्ये अशी दुसरी नसेल. गावच्या हॉलमध्ये शेतीवाल्या बाईंचं भाषण होतं. गवत मुळासकट उपटू नका, माती जपा, म्हणाल्या. मी तीन वर्षं गवताला हात लावलेला नाही. म्हणजे मी काळाच्या पुढे होतो आणि बायको मला आळशी म्हणत होती. आर्गिरोला घरी जाऊन तसं सुनावलं. उरलेलं भाषण नाश्त्यानंतर होतं. नाश्त्यानंतर मी थांबलो नाही.

१९ जुलै
मुलाचा अथेन्सहून फोन. नातवाचा बाप्तिस्मा डिसेंबरात, इथेच. रीतीप्रमाणे नाव आजोबाचं, म्हणजे माझं. बाळाला चोळायचं तेल धर्मपिता आणतो, आणि धर्मपिता ठरलाय शेजारचा सिफिस. त्याला बजावून आलो, तेल माझ्याच झाडांचं हवं. सिफिस जरा खोकला. मग हो म्हणाला.

४ सप्टेंबर, दुपार
फळं पोखरणाऱ्या माशीसाठी फवारणी बंद. बाटल्यांत मासळी घालून झाडांना टांगायची, माशा आत जाऊन मरतात. दोन किलो सार्डिन आणले. चार बाटल्या भरल्या. उरलेले भाजून राकी दारूबरोबर खाल्ले. वाया घालवणं तत्त्वात बसत नाही.

५ सप्टेंबर
मांजरांनी चारही बाटल्या पाडल्या. मांजरंही निसर्गच.

२५ ऑक्टोबर
सिफिसची तोडणी संपली, फळ हिरवं असतानाच. झोडपायचं मशीन दिवसभर घरघरत होतं. मी आजोबांची पद्धत धरलीय. खाली जाळी अंथरायची, झाड आपखुशीने टाकेल ते घ्यायचं. मशीन नाही, डिझेल नाही, मीही नाही.

१६ नोव्हेंबर
पाऊस. जाळीवर फळं छान साठलीयेत. थोडी पांढरी लव आलीय. आर्गिरो म्हणते बुरशी. तिला जैवविविधता कळत नाही.

२९ नोव्हेंबर
तेल निघालं! घाणेवाल्या कालिरोईनं आम्लता मोजली. सिफिसची पॉइंट तीन होती, माझी सात. दोनच्या वर गेलं की खायचं नसतं, असं तिचं मत. "मानूसो, हे दिव्यात घाल," म्हणाली. तिचं यंत्र जुनं आहे. घरी आर्गिरोला चव दिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भारावली असावी. नातवाच्या बाप्तिस्म्याआधी डब्यांना कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम काढला. सिफिसकडे बाटली आर्गिरोच पोचवणार आहे.

१४ डिसेंबर
बाप्तिस्मा. पाद्रीबुवांनी तेल चोळलं आणि चर्चभर ताज्या फळाचा वास पसरला. माझं नाव, माझ्या झाडांचं तेल. रडलो, लपवत नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं सिफिसला म्हणालो, "बघ, मशीनशिवाय."
त्यानं मान खाली घातली. "हो रे, मानूसो. तुझंच."

१५ डिसेंबर, सकाळ
पावावर घ्यायला तेल आणायला कोठीत गेलो. डबे रिकामे. फळीवर साबणाच्या वड्या वाळत होत्या, सहा रांगा. आर्गिरोला विचारलं, कधी केलास? पंधरा दिवस झाले, म्हणाली. मग काल चोळलं ते?
"पोराचं अंग होतं रे," ती म्हणाली, "दिवा नव्हता."
म्हणजे भर चर्चमध्ये सिफिसनं स्वतःचं तेल माझ्या नावावर केलं. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.
मग त्याच साबणाने हात धुतले. फेस बरा येतो. साबणाची एक वडी सिफिसला नेऊन द्यायची ठरवली. आर्गिरो म्हणाली, राहू दे, त्याच्याकडून घरचं तेल आणताना चार देऊन आलेय.