अकरा वर्षांचे ‘नाही’

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, टेलिफोन एक्स्चेंजमधून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर, कुणाचेही दडपण नसताना लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप नाही. ती गुरुवारी सकाळी बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, आणि त्याच दमात म्हणतात कागदपत्रे आवरून ठेवा. आज सोमवार. हे एका बैठकीत संपणार नाही, कारण दर वीस मिनिटांनी मला उठून आतल्या खोलीत जावे लागते. का, ते कलम चारमध्ये येईल.

वकीलबाईंनी बजावले आहे की जिथे खाडाखोड तिथे शेजारी सही. सही करीन, पण नव्या कागदावर स्वच्छ प्रत काढणार नाही. आधी काय ठरले होते आणि नंतर ते का बदलले, हे कागदावर दिसले पाहिजे, अशी मला पंचवीस वर्षांची सवय आहे.

कलम १. घर. तळमजल्यावरच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर भाचीला. ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी, नोकरीमुळे तीन वर्षे माझ्याकडे राहते आणि माझी बडबड ऐकून घेते. स्वयंपाकघराचा नळ उलट्या बाजूने बंद होतो हे तिला माहीत आहे. घर विकलेच तर घेणाऱ्यालाही सांगावे.

वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी जिन्याखाली एक लोखंडी कपाट ठेवले आहे. नऊ वर्षे ते ‘दोन दिवसांत हलवतो’ म्हणत आहेत. त्यांना मी काहीही ठेवत नाही, हे स्पष्ट नमूद करते.

कलम २. बँकेत जे असेल ते निम्मे भाचीला, निम्मे आमच्या संगणक-प्रणालीच्या सर्व्हरसाठी. वकीलबाईंनी विचारले, ही कंपनी कुणाची? कुणाचीच नाही. आम्ही अकरा जण आहोत, पगार कुणालाच नाही, आणि आम्ही बनवतो ती प्रणाली कुणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी. वाचनालये, दवाखाने, शाळा, जिथे नवी मशीन घ्यायची ऐपत नाही, तिथे ती चालते.

कलम ३. हत्यारे. सोल्डरिंगची इस्त्री, मीटर व पेचकसांचा संच मास्तरांना. मास्तर म्हणजे आमच्या अकरांतले एक, गणिताचे निवृत्त शिक्षक. पेचकसांचा संच एक्स्चेंजचा आहे. निवृत्तीच्या दिवशी परत करायचा राहिला. राहिला म्हणजे मी केला नाही.

कलम ४. जुने मशीन. आतल्या खोलीत खिडकीखाली आहे. ते सध्या चालू आहे आणि बुधवारी दुपारी चार वाजेपर्यंत त्याला कुणीही हात लावू नये, मी जिवंत असले किंवा नसले तरी.

इथे थोडे समजावून सांगते, म्हणजे वकीलबाईंच्या कारकुनांना मागच्या वेळेसारखे ‘कर्नलसाहेब’ टाइप करावे लागणार नाही. संगणकाचा जो अगदी आतला भाग मेमरी, डिस्क, पडदा सगळ्यांना कामाला लावतो, त्याला आम्ही कर्नल म्हणतो. तो आम्ही लिहीत नाही. जगभरचे लोक लिहितात आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती येते. तिच्यासोबत शंभर-दोनशे प्रश्न येतात: ही नवी सोय हवी का? हो, नाही, किंवा गरज पडली तरच. आम्ही प्रश्न वाटून घेतो. मेमरी आणि डिस्कचे माझ्याकडे. ‘हो’ म्हटले की सोय आधी कच्च्या आवृत्तीत जाते. ज्यांना मोडतोड चालते असे लोक ती वापरतात, तक्रारी करतात, आम्ही दुरुस्त करतो. मग दोन वर्षांनी एकदा दार बंद होते आणि जे आत आले असेल त्याचीच पक्की आवृत्ती निघते. वाचनालयात पोहोचते ती ही.

‘नाही’चे मात्र वेगळे आहे. ‘नाही’ एका फाइलमध्ये लिहिले जाते आणि तिथेच बसते. पुढच्या आवृत्तीत तो प्रश्न पुन्हा विचारला जात नाही. कुणीतरी मुद्दाम उघडल्याशिवाय ‘नाही’ मरत नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी असे एक ‘नाही’ लिहिले. सोय माझ्या धाकट्या भावाची होती. दोन वर्षे खपून त्याने ती लिहिली होती: मेमरी कमी पडली की न लागणारा भाग दाबून लहान करायचा, म्हणजे जुने मशीन अडकून बसत नाही. मूळ कर्नलने ती घेतली. इतर प्रणालींनी चालू केली. त्याच्या स्वतःच्या प्रणालीत, जिथे त्याची बहीण बसली होती, तिथे ती बंद राहिली.

मंगळवार. रात्री झोप बरी लागली नाही. पुढे लिहिते.

आमची आई शिवणकाम करायची. शेवटच्या आजारात तिने कपडे बेतायचे सगळे सांगून ठेवले. माप कसे घ्यावे, बाही कुठे सैल सोडावी. धाकट्याने ते आवाजात उतरवून घेतले. एकूण एक्केचाळीस रेकॉर्डिंग. ती मी या मशीनवर घेतली आणि रेकॉर्डरचे कार्ड पुसले. त्याच आठवड्यात धाकट्याची सोय मी याच मशीनवर चालवून पाहत होते. सहा रेकॉर्डिंग खराब झाली. उघडली की नुसती खरखर. आई तोवर गेली होती.

मी त्याला फोन केला आणि म्हणाले, “तुझ्या कोडनं आई खाल्ली.”

मग त्याने एवढेच विचारले, “ताई, मेमरी तपासलीस का?”

मी म्हणाले मला शिकवू नकोस. तीस वर्षे तोवर मी एक्स्चेंजमध्ये दोष शोधत होते. तपासली नव्हती. फोन ठेवला आणि फाइलमध्ये ‘नाही’ लिहिले, पुढे कारण लिहिले: डेटा बिघडतो. त्याने महिन्याभरात आमचा गट सोडला. नंतर एका वाचनालयाच्या बाईंनी चार वेळा पत्र पाठवून विचारले की ही सोय तुमच्याकडे कधी येणार, आमच्या मशीनी दुपारनंतर अडकतात. चारही वेळा मी ‘विचाराधीन आहे’ असे उत्तर दिले. विचार कुणी करत नव्हते.

आता मुद्द्याचे. तीन आठवड्यांपूर्वी या मृत्युपत्रासाठी घरातल्या वस्तूंची यादी करत होते. खराब मशीन कुणाच्या गळ्यात घालू नये म्हणून देण्याआधी ते तपासायला घेतले. मेमरीची तपासणी लावली, ती चाळीस मिनिटांत लाल झाली. दोन नंबरच्या खाचेतली मेमरीची पट्टी सदोष. एक बिट, कधी एक, कधी शून्य. साध्या कामात त्या जागेपर्यंत मशीन पोहोचतच नसे. धाकट्याची सोय मेमरीचा कोपरान् कोपरा वापरते, म्हणून तिथे पोहोचली. दोष सोयीने केला नव्हता. सोयीमुळे तो दिसला होता, आणि मी दाखवणाऱ्यालाच घराबाहेर काढले.

मी त्या दिवशी दुपारभर स्वयंपाकघरात बसून होते. भाचीने दोनदा विचारले काय झाले. पट्टी हातात होती, तीच दाखवली. मला लाज वाटली, आणि अजून वाटते. हे मृत्युपत्रात लिहायचे नसते म्हणे. मी लिहिते आहे.

या शुक्रवारी आमचे दार बंद होणार आहे. त्याआधी ‘नाही’चे ‘हो’ झाले नाही तर वाचनालयाच्या बाईंना आणखी दोन वर्षे. आमचा नियम असा की बदलाला दोन सह्या लागतात: एक बदल मांडणाऱ्याची, एक स्वतःच्या मशीनवर तो चालवून पाहणाऱ्याची. ज्याने सोय लिहिली त्याची सही चालत नाही. म्हणून धाकट्याच्या सोयीवर धाकटा सही करू शकत नाही, आणि ‘नाही’ माझे असल्याने ते खोडायचे कामही माझेच. मला गुरुवारी बेशुद्ध करणार आहेत.

म्हणून नवी पट्टी घालून, सोय चालू करून, गेल्या बुधवारी चार वाजल्यापासून मशीन लावले आहे. उरलेली पस्तीस रेकॉर्डिंग ते पुन्हा पुन्हा उतरवते, दाबते, उघडते आणि दुसरीकडे जपलेल्या प्रतीशी ताडून पाहते. सात दिवस. एक अक्षर जरी चुकले तरी पडद्यावर आकडा चढेल. आत्ता शून्य आहे. पाच मिनिटांपूर्वीही शून्य होता. भाची म्हणते, “आत्या, तू पाहिलंस म्हणून तो कमी-जास्त होणार नाही.” खरे आहे. पुन्हा पाहून आले.

कलम ५. माझी सही. आमच्या गटात प्रत्येकाची संगणकावरची गुप्त किल्ली असते. तिने केलेल्या सहीला माणसाइतकीच किंमत. ती वारशाने देता येत नाही. माझ्या कपाटातल्या निळ्या पाकिटात तिला रद्द करण्याचा कागद आहे. मी गेले तर भाचीने तो त्याच दिवशी मास्तरांना पाठवावा. माझ्या मागे माझ्या नावाने कुणी ‘हो’ म्हणू नये, ‘नाही’ तर मुळीच म्हणू नये.

कलम ६. आईची मोठी कात्री. ~~धाकट्या भावाला.~~ भाचीला. (सही)

खोडले, कारण मलाच आठवले. दोन वर्षांपूर्वी आईचे माप घ्यायचे टेप आणि शिवताना बोटात घालायचे अंगुस्तान त्याला पार्सलने पाठवले होते. न उघडता परत आले. माझ्या हातून त्याला काही नको आहे, आणि मेल्यावर बळजबरी करायची मला इच्छा नाही. त्याऐवजी मी त्याला साक्षीदार होण्याची विनंती करते. वकीलबाई सांगतात की साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये. तेच बरे आहे. त्याला काही घ्यावे लागणार नाही, फक्त माझी सही माझीच आहे एवढे सांगावे लागेल. हे त्याला कळवायची जबाबदारी भाचीवर टाकली आहे. मला फोन करवला नाही.

बुधवार, दुपारी चार. शून्य.

चार वाजून वीस. बदल पाठवला. आमच्याकडे बदलासोबत कारण लिहावे लागते; ते सगळ्यांना, कायमचे वाचता येते आणि सोय लिहिणाऱ्याला मेलनेही जाते. मी लिहिले: “हा पर्याय अकरा वर्षांपूर्वी मी बंद ठेवला. ज्या मशीनवर फाइल बिघडल्या त्याची मेमरी खराब होती. ती मी तपासली नव्हती. तपासायला मला तेव्हाच सांगितले होते. सोय लिहिणाऱ्याची काहीही चूक नव्हती. चूक माझी.” यापेक्षा लांब लिहिले होते, ते काढून टाकले.

पाच वाजून दहा. मास्तरांची सही आली. त्यांनी त्यांच्या घरी चार दिवस चालवून पाहिले होते, मला न सांगता. ‘नाही’ गेले. शुक्रवारच्या आत गेले. मी दोनदा पाहून आले, खरेच गेले आहे.

साडेसात. धाकटा आला. केस पांढरे झाले आहेत, बॅग तशीच जुनी. तीन तास बसचा रस्ता आहे, त्यामुळे मला वाटले मेल वाचून निघाला असेल. भाची म्हणाली, बाबा चार वाजताच निघाले होते, गुरुवारी ऑपरेशन आहे म्हणून. मेल त्याने बसमध्ये वाचली.

त्याने आत जाऊन मशीन पाहिले. पट्टी मागितली, उलटसुलट पाहिली आणि खिशात घातली. मी म्हणाले माझे चुकले. तो म्हणाला वाचलं. मग मी सहीसाठी आलेल्या वकीलबाईंच्या कारकुनांना बसायला सांगितले आणि सही कुठे करायची ते त्याला दाखवले. त्याने चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला घेतले. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते असे कारकून सांगत होते, त्यांच्याकडे त्याने लक्ष दिले नाही. कलम सहावर बराच वेळ थांबला. पेन उघडले आणि शेवटच्या पानावरचे स्वतःचे नाव खोडले.

“ताई, साक्षीला दुसरं कुणीतरी बघ,” तो म्हणाला. “मला कात्री हवी आहे.”

कलम ६, सुधारित. आईची मोठी कात्री धाकट्या भावाला. टेप आणि अंगुस्तानही. भाचीची हरकत नाही, असे तिने मान हलवून सांगितले. (सही)

कलम ७. जुने मशीन वाचनालयाच्या बाईंना. पस्तीस रेकॉर्डिंग त्यातून काढून धाकट्याला द्यावीत.

कलम १ची पुरवणी. दुसरा साक्षीदार असा हवा होता की ज्याला माझ्याकडून काहीही मिळणार नाही. असा माणूस या इमारतीत एकच आहे. भाचीने त्यांना वरून बोलावून आणले. कपाट रविवारी हलवतो म्हणाले.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि खाली नमूद केलेल्या दोघांदेखत, एकाच वेळी, त्याखाली सही केली.

स्थळ: राहते घर, तळमजला, स्वयंपाकघराचे टेबल.
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, बुधवार, संध्याकाळी आठ.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार १: वकीलबाईंचे कारकून. (सही)

साक्षीदार २: ~~धाकटा भाऊ.~~ वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. (सही)

खाडाखोडीची नोंद: साक्षीदार क्रमांक दोनचे मूळ नाव त्याने स्वतः खोडले आहे. कारण: कात्री. (त्याची सही, माझी सही)