पिशाच्चाबद्दल पोरींचं मत

आगाऊ धाकटीस ताईचे आशीर्वाद, रागासकट.

मी ठणठणीत आहे. पायाची सूज उतरली, आईला सांग. तिचा खोकला आता कसा आहे?

तुझ्या लाडक्या कादंबऱ्यांवरचा तो पिशाच्चाच्या प्रेमाचा सिनेमा आमच्या थिएटरला लागलाय. खेळ सुटला की मी दारात उभं राहून प्रत्येकाला "कसा वाटला?" विचारायचं, अशी मॅनेजरची आज्ञा. डोकं उठलंय माझं. पुस्तकं वाचलेले माझ्याशीच भांडतात, की अर्धी गोष्ट गाळली. न वाचलेले म्हणतात, रक्त पिणारा इतका मुळूमुळू रडतो कसा? एका आजोबांनी विचारलं, "दीडशे वर्षांचा घोडा अजून शाळेत? नापास होतो का?" जसा काही सिनेमा मीच काढलाय.

तुझ्या वयाच्या पोरी मात्र सगळ्या एकच सांगतात. नायिका नको म्हणते तरी तो तिच्या मागे मागे फिरतो, खिडकीखाली ताटकळतो, तेच त्यांना फार आवडलं.

मला नाही आवडलं. आई फोनवर म्हणाली, क्लासपासून घरापर्यंत एकजण रोज तुझ्या मागे येतो आणि तू ते हसण्यावारी नेतेस. परवा तर तो न विचारता स्वयंपाकघरापर्यंत आला, आणि आईने घाबरून त्याला चहा दिला.

अगं, सिनेमातलं पिशाच्चसुद्धा बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही.

दाराला कडी लाव, आणि मला फोन कर.

इथून नुसती चरफडणारी,
तुझी ताई