बल्बच्या पुढे

नाना, तुमचे दोन्ही व्हॉल्व्ह जिवंत आहेत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं तुम्ही काही धड ऐकायचे नाहीत. तुमच्यामागे धुळ्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आवरताना मी ते काचेचे जीव कापसात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात घालून जळगावला आणले, आणि मग नोकरी, संसार, घराचं रंगकाम, या सगळ्यात तो डबा माळ्यावर निवांत पडून राहिला. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर मी हॅम रेडिओची, म्हणजे घरून हवेत बोलायच्या परवान्याची, परीक्षा दिली आणि पास झाले. लायसन्स हातात आल्याबरोबर स्टूल घेऊन माळ्यावर चढले, तर तुमचे जावई खालून ओरडतात, "लाडू लपवलेत का गं तिकडे?" लाडू कसले! धुळीने भरलेल्या हातांनी तो डबा छातीशी धरून मी खाली उतरले आणि म्हटलं, आता यांना हवेत पाठवायचं.

या दोन व्हॉल्व्हवर तुम्ही केलेला, आवाज लांब पोचवणारा अँप्लिफायर कधी हवेत गेलाच नाही, हे मला लहानपणी कळत नव्हतं. मला वाटायचं, तो त्या बल्बसाठीच केलाय. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की तुम्ही छोट्या ट्रान्समीटरला तो जोडता, आवाज हवेत न जाता तिथेच जिरावा म्हणून अँटेनाच्या जागी साधा दिव्याचा बल्ब लावता आणि माइक माझ्या तोंडापुढे धरता. मी "हॅलो" म्हणते की बल्ब उजळतो, गप्प बसले की मंदावतो. मी पाढे म्हणते, आरती म्हणते, शेजारच्या काकूंची नक्कल करते, आणि बल्ब आपला माना डोलावतो. तुम्ही हसून म्हणता, "हाऊच आपला श्रोता." लायसन्सची परीक्षा मुंबईला, इंग्रजीत, वर दुकान बंद ठेवायचं, ते तुमच्याकडून झालं नाही. आणि लायसन्स नाही तर हवेत एक शब्द सोडायचा नाही, यावर तुम्ही ठाम. अख्ख्या जगाचं ऐकायचात नाना, पण तुमचा आवाज त्या बल्बपाशीच थांबला. हे माझ्या लक्षात आलं ते मोठेपणी. म्हणून बाजारात तयार अँप्लिफायर मिळत असतानाही मला हेच दोन व्हॉल्व्ह बोलते करायचे होते. नवे घालून काय उपयोग? ते माझे झाले असते, तुमचे नाही.

अँप्लिफायर बांधायला बसले आणि पहिल्याच दिवशी अडले कुठे, तर कुर्त्याला खिसा नव्हता! तुम्ही आता हसताय, मला माहीत आहे. लहानपणी दुकानात त्या दिवशी मात्र हसला नव्हतात. मी चालू सेटमध्ये दोन्ही हात घालायला निघाले आणि तुम्ही असे खेकसलात की रस्त्यावरचा माणूस थांबून बघायला लागला. "एक हात खिसामा!" एका हाताला झटका बसला तर माणूस हात झटकून मोकळा होतो, दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो, म्हणून रेडिओवाल्याचा डावा हात कायम खिशात. मी रडत म्हटलं, "माझ्या फ्रॉकला खिसाच नाही." तुम्ही माझा हात धरून तसेच शेजारच्या टेलरकडे. "पोरना फ्रॉकले खिसा लाई दे. डावीकडे." टेलरकाका म्हणाले, "काय ठेवाले, नाना? फुटाणा?" तुम्ही म्हणालात, "हात ठेवाले." शाळेत कुठल्याच मुलीच्या फ्रॉकला खिसा नव्हता. मी महिनाभर नुसती खिशात हात घालून मिरवत होते. दिवाळीचे कितीतरी कपडे आले-गेले, पण असला थाट पुन्हा कशाने आला नाही.

तर मीही सगळे कुर्ते उचलले आणि टेलरकडे गेले. त्याने विचारलं, मोबाइलसाठी का मॅडम? मी म्हटलं, हात ठेवायला.

पुढचं काम झकास चाललं. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आणला, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला भोकं पाडली, व्हॉल्व्ह बसवले, त्यांच्या आतल्या फिलामेंटला वीज दिली आणि दोघे हळूहळू तांबूस झाले तेव्हा मी घरभर नाचले. आणि मग माती खाल्ली. अँटेनाकडच्या कॉइलला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, आत धरायला काहीतरी गोल हवं होतं. यावलला सासरच्या केळीच्या बागेत ठिबकची काळी नळी पडलेली होती, तिचा तुकडा कापून आणला. आपल्याकडे त्या नळीचं काय करत नाहीत सांगा! कपडे वाळत घालतात, बादलीच्या कडीला लावतात, मग कॉइललाच काय होतंय? जाड तांब्याची तार तिच्यावर ओढून बसवली, तुमच्या जावयांना मेन स्विचपाशी उभं केलं, चाचणीसाठी तुमच्यासारखाच बल्ब लावला आणि माइकमध्ये बोलले. बल्ब लागायच्या आधी वास आला. नळी काळी असते ती काजळी घातल्यामुळे, आणि एवढ्या जोराच्या लहरींपुढे तीच तापते, हे शिकवायला मी प्रयोगशाळेत आयुष्य घालवलं आणि घरी साफ विसरले. नळी मेणासारखी बसली, तारेचे वेढे एकमेकांना चिकटले आणि दोन्ही व्हॉल्व्हच्या आतली प्लेट लालभडक झाली. मी किंचाळले, "बंद करा!" त्यांनी केलं म्हणून बरं. मी तिथेच जमिनीवर बसले. आणायला गेलं तर असे व्हॉल्व्ह दुसरीकडेही मिळतील, पण तुम्ही हाताने पुसून ठेवलेले हे एवढेच दोन. मला धड रडूही येईना.

तुमचे जावई बिचारे समजूत काढायला स्वयंपाकघरात गेले आणि स्वतः पोळ्या लाटायला घेतल्या. महाराष्ट्राचा नकाशा झाला होता एकेकीचा. मी बघत बसले, आणि एकदम उठून त्यांच्या हातातलं लाटणं हिसकावलं. आईचा आवाज कानात आला, तस्सा! "मन्हं लाटनं कोठे शे? आते पोया काय तुम्हना डोकावर लाटू?" आणि दुकानात तुम्ही लाटण्यावर तार गुंडाळून, अलगद फिरवत लाटणं बाहेर काढून घेताय. आत काही ठेवायचंच नाही! जाड तार आपल्या आकारात आपली उभी राहते. नाना, हे डोळ्यांसमोर असून मला नळी आठवली, लाटणं नाही. त्या दिवशी आम्ही भात खाल्ला.

नवी कॉइल बसवली. स्विच लावायला मात्र हात धजेना. शेवटी डावा हात खिशात घातला, डोळे मिटले आणि उजव्याने खटका दाबला. उघडले तेव्हा दोघेही तांबूस, शांत, काही झालंच नाही असे. बोलले तर बल्ब लख्ख! मग तो बल्ब मी काढला, नाना. तुमच्या श्रोत्याला नमस्कार केला आणि त्याच्या जागी गच्चीवरच्या अँटेनाची वायर जोडली. उन्हं कलली होती, मी हाक देत होते आणि नुसती खरखर येत होती. जावई चहा घेऊन आले, चहा निवला, पुन्हा गरम झाला. आणि त्या खरखरीतून एक माणूस माझा कॉलसाइन, लायसन्सवरची माझी खुणेची अक्षरं, म्हणाला. इंडोनेशियातल्या कुठल्याशा बेटावरचा, म्हातारा असावा. म्हणाला, आवाज अगदी स्वच्छ येतोय, कुठला सेट? मी म्हटलं, घरी बांधलाय, वडिलांच्या व्हॉल्व्हवर. तो इतका खूश झाला की मध्येच खोकला. हे शेजारी उभे राहून डोळे पुसत होते आणि मला म्हणत होते, तू रडू नको, माइक ओला होईल.

मग त्याने रीतीप्रमाणे नाव विचारलं. आता हे तुम्हालाच सांगते, आणि हा कागद कुठे पाठवायचा नाही म्हणूनच सांगते. माझ्या तोंडातून तुमचं नाव गेलं. गडबडीत गेलं असं मी ह्यांना सांगितलं, पण गडबड वगैरे काही नव्हती. त्या माणसाने ते जपून, अक्षर-अक्षर सुटं करून परत म्हटलं, आणि समुद्रापलीकडून कुणीतरी तुम्हाला हाक मारतंय ते मी आपल्या घरात बसून ऐकलं. बाईचं नाव की पुरुषाचं, त्याला काय कळणार! आता दर रविवारी तो त्याच नावाने हाक मारतो. हे म्हणतात, अगं, एकदा खरं सांगून टाक. मी हो हो म्हणते आणि डावा हात खिशात घालते. काल त्याने तुमचं नाव घेऊन विचारलं, तब्येत कशी आहे? मी सांगितलं, एकदम ठणठणीत.