भुरीच्या दगडाला काव

॥ खंडोबा प्रसन्न ॥

पडेगाव, औरंगाबाद
ता. ९ फेब्रुवारी १९८७

ती. आजीच्या पायावर अंबिकाचं डोकं. वि. वि.

आम्ही इथं खुशाल असं लिहायची रीत हाय, पण या बारीला लिहवंना. आपली भुरी गेली.

बाजूच्या गोदामात घुशींसाठी औषध टाकलं व्हतं. आम्हाला काय ठाऊक. भुरीनं तीच घूस धरून आणली, उंबऱ्यात ठेवली आन माझ्याकडं बघत बसली. तिला शाबासकी पाहिजे असायची ना, मी दिली बी. सांजच्याला तिच्या तोंडाला फेस आला. ओढणीचं टोक भिजवून पाणी पाजलं, तर ते बी बाहेर. माझ्या मांडीवरच गेली.

माय म्हणली, नाल्यात टाकून ये, मांजरासाठी कुणी रडत बसतं का. असं म्हणली आन सवता चुलीकडं तोंड करून बसली. आण्णा कामावरून आले नव्हते.

पुरायची कुठं, आजी? इथं मोकळं रान दिसतं, पण समदीकडं चुना मारलेले दगड, हा याचा प्लाट, तो त्याचा. शेवटी आमच्या खोलीमागच्या प्लाटात, बाभळीच्या कोपऱ्याला मी कुदळीनं खड्डा घेतला. तुझ्या जुन्या घोंगडीच्या तुकड्यावर ती निजायची, त्यातच गुंडाळली. वरून मीठ टाकलं. बरणीतलं समदं मीठ संपवलं म्हणून मायनं बोलणी दिली. त्या दिवशी कालवण आळणीच खाल्लं.

शाळा सुटल्यापासून मला माणसात बोलता येत नाय, हे तुला ठाऊक हाय. जे काय बोलायची ते भुरीशी. आता तोंड उघडायचं कारणच राहिलं नाय. इथं कुत्री लई हायत, उकरतील अशी भीती वाटती. काय करू ते कळव.

तुझी माया हाय तशी राहू दे.
तुझी अंबिका

॥ खंडोबा प्रसन्न ॥

वस्तीवरून, ता. गंगापूर
ता. २० फेब्रुवारी १९८७

चि. अंबिकास बानाबाई आजीचे पोटभर आशीर्वाद. अक्षर तुझ्या वच्छलाकाकूचं, बोलणं माझं.

काकूनं तुझं पत्र वाचून दाखवलं आन हातातलं काम तसंच राहिलं. भुरी कातरणीच्या दिवसांत झाली. मांजरीनं लोकरीच्या ढिगातच पिल्लं घातली, तर तुझ्या आज्यानं कातरणी थांबवली. म्हणला, डोळे तर उघडू द्या. लोक हसले, पण मेंढरं तशीच लोकर घिऊन हिंडली. तू शहराला निघालीस तवा मीच तिला टोपलीत घालून दिली, पोरगी एकटी पडंल म्हणून. मला वाटलं, तिथं दूध नाय भेटलं तर उंदीर-घुशी तरी भेटतील. बघ, काय वाटलं मला.

आता ऐक. त्या जागी जड दगड ठेव, भवती काटे लाव. आन दगडाला तांबडी काव लाव, आपल्या मेंढरांना लावतो तशी, दोन आडव्या रेघा आन मधी टिपका. नदीवर समद्यांची मेंढरं एकात एक मिसळली तरी त्या खुणेवर आपलं जनावर आपल्याला सापडतं. भुरी बी आपल्याच कळपातली.

इथं विहिरीनं तळ दाखवलाय. सखारामकाका मेंढरं घिऊन गोदाकाठाला गेलाय. मेंढरांचा वाडा मोकळा पडलाय, मला रिकामी जागा बघवत नाय.

(हे माझं, वच्छलाकाकूचं: भुरी तिकडं गेली तरी तुझी आजी रोज दाराशी दुधाची वाटी ठेवती. शेजारची मांजरं पिऊन माजलीत. काल बी ठेवली. आज मीच भरून दिली.)

जिवाला जप. आजीला विसरू नको.
बानाबाई

॥ खंडोबा प्रसन्न ॥

पडेगाव
ता. १४ एप्रिल १९८७

ती. आजीच्या पायावर अंबिकाचं डोकं. वि. वि.

लई मोठा घोटाळा झालाय. तू सांगितलं तसं मी दगड ठेवला, काव लावली. आठ दिवसांनी बघते तर वर हळद-कुंकू. आमच्या खोल्यांच्या लायनीतली आवडाबाई, टँकरला समद्यांच्या पुढं घागर लावती ती, तिनं वाहिलं म्हणं. मग कुणी फूल ठेवलं, कुणी नारळ फोडला. तांबडा दगड, भवती काट्याचं कुंपण, लोकांना वाटलं कुणीतरी देव बसवलाय. कुठला देव ते कुणालाच ठाऊक नाय, आन विचारायला कुणी तयार नाय.

आता टँकर येऊन गेला की बाया एकेक तांब्या त्याच्यावर वततात. पाऊस पड म्हणतात. मी रांगेत उभी असते आन माझ्या तोंडातून शब्द निघत नाय. परवा मायनं बी तांब्या वतला. घरात आंघोळीला पाणी नाय, आन जिला नाल्यात टाक म्हणली व्हती तिच्यापुढं डोळे मिटून हात जोडले. मला आधी हसू आलं, मग खोलीत जाऊन रडले.

पण खरा घोर पुढं हाय. प्लाटाचे मालक मधुसूदनराव, उस्मानपुऱ्यात राहतात, बँकेत हायत. आता घर बांधायला काढलं. पाया खोदायचं काम आमच्या आण्णांच्याच टोळीला आलं. तीन बाजू झाल्या, बाभळीच्या कोपऱ्याला कुणी टिकाव लावंना. मुकादम फकिरा म्हणला की मालक, दुप्पट मजुरी द्या, तरी देवावर घाव घालणार नाय. आण्णा बी मागं सरले. तवा मालकांनी ठरवलंय, भटजी बोलवायचे, पूजा करून देवाची परवानगी काढायची, दगड पाण्यात सोडायचा आन मग खोदायचं. निघालेली माती ट्रॅक्टरनं खदानीत टाकणार.

त्या मातीत भुरी जाईल, आजी. दगडाची पूजा करतील आन तिला राडारोड्यात फेकतील. सांगावं तर बाया मला जित्ती ठेवणार नायत. नाय सांगितलं तर ती गेली. घाईनं कळव.

माया पातळ हू देऊ नको.
तुझी अंबिका

॥ खंडोबा प्रसन्न ॥

वस्तीवरून
ता. २२ एप्रिल १९८७

चि. अंबिकास आजीचे आशीर्वाद.

काकूनं पत्र वाचलं आन आम्ही दोघी आधी लई हसलो. जित्तेपणी त्या मांजरीनं कुणाचं ऐकलं नाय, हाक मारली तर पाठ करून बसायची, आन आता तिनं गावाचं ऐकून पाऊस पाडायचा! हसता हसता डोळ्याला पदर लागला.

बायांना नावं ठेवू नको. तहानलेलं माणूस दिसंल तिथं हात जोडतं. पाणी वतलं त्यात पाप नाय. पण मेलेल्या जिवावर एवढ्या लोकांचं मागणं लादू नये. घूस धरायची ती, पाऊस कुठून धरणार? तिला मोकळी कर.

आधी आण्णाला सांग, तो माझ्या पोटचा हाय, खाणार नाय तुला. मग मालकाला सांग. आन तिला इकडं घिऊन या. वाड्यात जागा मोप हाय.

बोलता येत नाय म्हणतीस. अगं, तू परकर घालायची तवा सडकेवर मेंढरं आडवी झाली की तुझ्या हाळीनं पार वढ्यापल्याडची माघारी फिरायची. तुझा आज्या म्हणायचा, या पोरीच्या गळ्यात ढोल हाय. तो गळा कुठं गेला नाय. पुटपुटून मेंढरू बी वळत नाय, तिथं माणूस काय वळंल?

वाट बघते.
बानाबाई

॥ खंडोबा प्रसन्न ॥

पडेगाव
ता. ४ मे १९८७

ती. आजीच्या पायावर अंबिकाचं डोकं. वि. वि.

सकाळी भाकरी वाढताना आण्णांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणले की मी बी नारळ बोललो व्हतो तिला, गावाकडं पाणी हू दे म्हणून. मालकाला तुम्ही सांगा असं मी म्हणलं, तर आण्णा म्हणले, खूण तू केली, तूच सांग.

प्लाटावर समदे जमले व्हते. भटजी, मधुसूदनराव, त्यांच्या बायको प्रमोदिनीबाई, आवडाबाई आन लायनीतल्या समद्या बाया. मी कोपऱ्यात उभी. पूजा झाली तरी माझे ओठ चिकटलेले. भटजींनी दगडाला हात घातला, फकिरानं टिकाव उचलला, आन आजी, माझ्या तोंडातून शब्द नाय आला, हाळी आली! मेंढरं वळवायची हाळी. फकिराचा टिकाव वरच्या वरी राहिला. टँकरवाला बी खाली उतरून आला. समदे माझ्याकडं बघायला लागले, मग मात्र बोलावंच लागलं. म्हणलं, हा देव नाय, ही आमची भुरी हाय, आमची मांजर, आन ही काव आमच्या मेंढराची खूण हाय.

कुणी हसलं. भटजी हात पुसायला लागले. आवडाबाई उसळली, म्हणली की उन्हाळाभर आम्ही पोराबाळांच्या तोंडचं पाणी मांजरीवर वतलं का? मला वाटलं, आता मारती. तवर माय पुढं आली. खाली बघतच म्हणली की वतलं तर वतलं, उन्हाचं तिला बी तहान लागली असंल. त्याच्यावर आवडाबाई दगडाशी आली. खाली बसली आन दगडावरचं कालचं वाळलेलं फूल काढून टाकलं.

मधुसूदनराव घड्याळ बघत व्हते. प्रमोदिनीबाईंनी मला विचारलं की कशी व्हती ती, रंग कसा व्हता. असं मला कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगत गेले, शेपटीचं टोक पांढरं, एक कान फाटका, लोकरीशिवाय झोप नाय. लई येळ बोलले. कुणी थांबवलं नाय.

टिकाव नाय लावला. आण्णांनी हातानं माती काढली. घोंगडी तशीच व्हती. ती आण्णांनी खांद्यावर घेतली, चालून दमलेलं कोकरू घेतात तशी. रविवारच्या एसटीनं आम्ही तिघं येतो. कंडक्टरनं विचारलं तर घोंगडी हाय म्हणून सांगू, ते खोटं नाय.

दगड तेवढा प्रमोदिनीबाईंनी मागून घेतला. कंपाउंडाच्या कडंला ठेवलाय.

येतेच, बाकी तोंडानं.
तुझी अंबिका

॥ खंडोबा प्रसन्न ॥

वस्तीवरून
ता. १० जून १९८७

चि. अंबिकास आजीचे आशीर्वाद.

तुम्ही गेल्यावर आठवड्यानं सखाराम मेंढरं घिऊन आला. निम्मी चाऱ्यापाण्यावाचून वाटंतच गेली. उरली ती वाड्यात शिरली आन थेट भुरीला पुरली तिथंच बसली. मी काठी घिऊन हाकायला उठले, मग म्हणलं, बसू दे. लेंड्या पडल्या, खुरांनी माती सारखी झाली. आता नेमकी जागा कुठली ते मला बी सांगता यायचं नाय. कळपात गेलेलं जनावर असंच असावं, येगळं दिसू नये.

पाऊस अजून नाय. आभाळ येतं आन जातं.

काकू म्हणली की दाराशीच्या दुधाच्या वाटीचं बी सांगा. भुरीला वाड्यात पुरलं त्या दिवशी धुतली आन उपडी ठेवली.

तुम्ही सडकेला लागलात तवा तू वळून हाळी दिलीस. मी दारात उभी व्हते. कान आता अधू झालेत, तरी पार वळणापर्यंत ऐकू आली. तिकडं बी देत जा अधूनमधून. मेंढरं नसली म्हणून काय झालं.

पत्र धाडत राहा, माया असू दे.
बानाबाई