तारखेखालचा ठिपका

अंजूर,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय वहिनी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. यंदा आईचं दुःख, म्हणून दिवाळी केली नाही; फराळाची ताटं शेजारून आली. आपल्या बांधाला लागून आणखी एक गोडाऊन उभं राहतंय, दिवसभर धूळ. दादाचा गुडघा कसा आहे? तुमचं वळ गाव इथून रिक्षाने वीस मिनिटांवर आणि मी टपालाने पत्र धाडतोय, याचं तुला हसू येईल. येऊ दे. समोर आलो तर तू आधी चहा ठेवशील, मग माझ्याने काही बोलवणार नाही.

पत्राला निमित्त तुझ्या मेघालीचं. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला, चार वर्षांनी पहिला. ‘काका, नाण्यांचे जवळून फोटो काढायला कुठली लेन्स घेऊ?’ पोरीने नाणी जमवायला घेतलीत हे मला ठाऊकच नव्हतं. धामणकर नाक्यावर मोबाइलला चिमट्याने लावायची लेन्स अडीचशेला मिळते, ती घेऊ का म्हणते. ती तिला घेऊ देऊ नकोस.

का, ते सांगतो. मी सगळे उद्योग करून बसलोय. कॉम्प्युटरला जोडायचा छोटा मायक्रोस्कोप आणला, तर तो नाण्याला इतका चिकटतो की उजेडच आत जात नाही आणि जुन्या रुपयावरच्या राणीच्या तोंडाचं नुसतं नाक दिसतं. मग कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायच्या पोकळ नळ्या घेतल्या. स्वस्त आणि मस्त, पण जरा हात हलला की सगळं धूसर. शेवटी खरी मॅक्रो लेन्स घेतली. नाण्यापासून वीतभर लांब राहते, दोन्ही बाजूंनी दिवे लावता येतात, आणि जे आहे तेवढंच दाखवते. तिला सांग, काकाची घेऊन जा, नवीन नको.

हे सगळं मेघालीला फोनवर सांगता आलं असतं. पण यातला पुढचा भाग तुझा आहे.

मागच्या वर्षी गणपतीत मॅक्रो लेन्स आली तेव्हा हौस म्हणून एकच नाणं सगळ्या लेन्समधून काढून पाहावं असं मनात आलं. आईच्या माहेरचा राणीछाप रुपया घेतला. हो, तोच. खणात ती जुनी नाक्यावरची चिमट्याची लेन्सही सापडली. मॅक्रोतून तारखेखाली तीन ठिपके दिसले. चिमट्याच्या लेन्समधून चार.

मी रुपया जरा सरकवला. तीन ठिपके सरकले, चौथा जागचा हलला नाही. रुपया काढून खिशातलं दहाचं नाणं ठेवलं. त्यावरही तो होताच, आकड्याच्या अंगावर. लेन्सच्या प्लास्टिकमध्येच बुडबुडा होता, वहिनी. मोहरीएवढासुद्धा नाही.

चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवाळीची तुला आठवण करून द्यायला नको, पण लिहितो, कारण मी केलेलं माझ्या हाताने लिहिलं गेलं पाहिजे. ते ठिपके मोजून टाकसाळ आणि साल ओळखतात. दिवाळीआधी मी त्याच चिमट्याच्या लेन्सने काढलेला चार ठिपक्यांचा फोटो नाणीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, लोकांनी दुर्मीळ म्हणून डोक्यावर घेतलं, मी आठ दिवस हवेत. लक्ष्मीपूजनाला नेहमीसारखा रुपया तू घासलास, पूजेत मांडलास. भाऊबिजेला माहेरी जाऊन आलीस. नंतर मित्राच्या चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढला तर ठिपके तीन. तुझा भाऊ पॉवरलूमच्या भंगाराचा धंदा करतो, जुन्या वस्तू त्याच्या हातात येतात. मी दोन आणि दोन चार केले: रुपया माहेरी बदलला गेला. लेन्सवर शंका घ्यायला दोन मिनिटं पुरली असती. तुझ्यावर घ्यायला तेवढीही लागली नाहीत.

आणि मी चोर म्हणालोसुद्धा नाही. दोन्ही फोटो मोठे करून मोबाइल नुसता दादा आणि आईच्या पुढे ठेवला. तू तुळशीच्या लग्नासाठी करंज्या लाटत होतीस. हात न पुसताच आलीस, पाहिलंस आणि म्हणालीस, “मी घासला तसाच ठेवलाय. मला ठिपके मोजता येत न्हाय, जीवन.”

मी सात वर्षांचा असताना तू या घरात आलीस. माझ्या शाळेच्या चड्ड्यांची बटणं तू लावलीस. पाढे पाठ होईनात तेव्हा तूही माझ्याबरोबर मोठ्याने म्हणायचीस. त्या बाईच्या हातावरचं पीठ दिसत असताना मी म्हणालो, फोटो खोटं बोलत नाही.

दादाने तुझ्या भावाला फोन केला. त्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि वर सांगितलं की पुन्हा दारात येऊ नका. महिन्याभरात तुम्ही वळला खोली घेतलीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर नव्हताच. तुझी चार वर्षांची भाऊबीज मी बुडवली.

रविवारी तुझ्या भावाच्या दुकानात जाऊन सगळं सांगून आलो. त्याने बसायला सांगितलं नाही, मीही बसलो नाही. निघताना एवढंच म्हणाला, “ताईला सांग.” दादाला काल फोनवर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. तो तुझ्याशी नीट बोलत नसेल तर राग माझ्यावर काढ. त्याला आता तुझ्याकडे बघायला जड जात असेल.

आता जे टाळत होतो ते. तारखा तू जुळवल्याच असशील. मला कळलं मागच्या वर्षीच्या गणपतीत, आणि आई गेली त्यानंतरच्या फाल्गुनात. मधले सहा महिने मी गप्प होतो. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. आई आजारी आहे, तिला कशाला त्रास, असं कारणही सापडलं होतं. खरं कारण लाज.

माघात तिने मला अंथरुणाजवळ बसवलं. आवाज खोल गेला होता. म्हणाली, “भावनाला सांग, मी मनात काय ठेवलं न्हाय. माणसाच्या हातून होतं. मी माफ केलं तिला.”

तिथेच बोलायला हवं होतं की आई, तिच्या हातून काही झालंच नाही. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, सांगतो.

मयताच्या दिवशी तू आलीस आणि पडवीच्या पायरीवर बाहेरच बसलीस. आत ये असं तुला कुणी म्हणालं नाही. मी तर सगळं माहीत असून तुझ्यासमोरून दोनदा पाण्याचा तांब्या घेऊन गेलो.

तेराव्याला जमलेले सगळे आईच्या वर्षश्राद्धाला पुन्हा येतील. त्यांच्यापुढे मी उभा राहून हे सांगणार आहे. तू यायचंस की नाही, ते तूच ठरव. पण ज्या एका माणसाला तू निर्दोष आहेस हे कळायला हवं होतं, ती तुला माफ करून गेली, आणि ते मी करू दिलं. याची माफी मी कुणाकडे मागू, मला कळत नाही. तुझ्याकडे मागायची हिंमत नाही.

आईचा निरोप नऊ महिने उशिरा पोचवणारा,
जीवन