सुतकातल्या विटा

चैत्र वद्य ५, फसली १३४१

विटा पाडून झाल्या एकदाच्या! माळावरची तांबडी माती चाळली. चौसाळ्याच्या पुलावर राबलो, मजुरीऐवजी सिमिटाची एक गोणी आणली — ती जपून जपून मातीत मिसळली, साच्यात ठोकून भरली. हात सोलले. भट्टी नको, सरपण नको. लिंबाच्या सावलीत, आईच्या बाजेपासून काटेरी कुपापर्यंत रांगा लावल्या. पुलावरचा मिस्त्री म्हणला होता, "ही वीट उन्हात वाळवू नको बे, रोज पाणी पाज. ओली हाय तवर घट्ट होती. सुकली की मेली."

वद्य ६

गाव हसतंय. कच्च्या विटांवर पाणी वतणारा मीच पहिला शहाणा! हसा म्हणावं. औंदा पावसाच्या आत आईला पक्की खोली पायजे, बस्स. गेल्या पावसाळ्यात मातीची भिंत तिच्या पायावर पडली, तवापासून घरात यायलाच तयार न्हाई. "मातीखाली मरायचं न्हाई मला. बाहीरच बरी हाय." पाऊस लागल्यावर कुठं ठेवू हिला?

वद्य ८

युसूफ वडगाव या गावचे चुलते विठ्ठलराव वारले. सगळ्या भावकीला दहा दिवस सुतक. आडाला हात लावायचा न्हाई!

अन् विटांचं काय?

वद्य ९

शेजारच्या छबुबाई आमच्या पिण्यापुरतं पाणी आणतेत. लांबूनच वरून धार धरतेत. म्हणलं, "विटांसाठी दोन खेपा जास्ती आणता का?" बाई भडकल्याच. "आडाला तळ दिसाया लागलाय, अन् मातीला पाणी पाजू? येड लागलं का रं धर्मराज?"

त्यांचं तरी काय चुकलं! नदी कोरडीठाक. कुठं जाऊ?

वद्य ११

कुपाकडच्या विटा पांढऱ्या पडल्या. बोट लावलं की भुगा. चोरून आडावर गेलो तर गाव वाळीत टाकंल. हातपाय धड असून लुळा झालोय. नुसता बघत बसतो.

त्यात आईचं सारखं पाणी, पाणी! आज वसकन अंगावर गेलो. "किती पेतीस गं? छबुबाईनं आणायचं तरी किती?" तिनं तांब्या पुढं केला. दिला भरून. आपलाच जीव खातो मग दिवसभर. कशापायी बोललो असं?

वद्य १३

ऊन लई. आईचं अंग तापलंय. तळपायाला कांदा चोळला. उतार न्हाई. ओठ फुटलेत तिचे. एवढं पाणी पेती, तरी ओठ कसे फुटले?

अमावस्या

आई गेली.

बाज उचलताना तोल गेला, विटांवर हात टेकला. गार. ओल्या. दगडावानी घट्ट. बाजेवरून तिचा हात पोचंल तेवढ्याच.

आये, तुझंच पाणी गं!

पहिलं फिटायच्या आधीच आजपासून नवं सुतक. आडाला हात लावायचा न्हाई.