रुमालाखालचा भाव

कार्तिक वद्य ४, शके १८५७

"ते बायकांनी इचारायचं न्हाई अन् गड्यांनी सांगायचं न्हाई." मामंजी म्हणाले होते. मी नवी नवरी, हिंगोलीच्या मोंढ्यात, कापसाच्या बाजारात, गाडीत बसलेली. समोर दोन माणसं एका रुमालाखाली हात घालून उभी. तोंडं गप्प, नुसते रुमालाचे कोपरे हलत होते. मी विचारलं, काय करतात हे? त्यावर हे उत्तर! अडत्या आणि घेणारा बोटं दाबून कापसाचा भाव ठरवतात, हे पुढे ह्यांनी सांगितलं. ज्याचा कापूस, तो आपला बाजूला उभा.

आज ते वाक्य आठवलं, कारण माझे धाकटे दीर पुंजाजी भाऊजी हिंगोलीहून बातमी घेऊन आले. सरकारने मोंढ्याला नवा कायदा लावला. रुमाल बंद! यंदापासून सगळ्यांदेखत, मोठ्याने बोली. सरकारी माणूस समोर उभा राहणार. वजनाचा काटाही तपासलेला. केवढी चांगली गोष्ट! पण भाऊजी पायातला काटा काढत बसावं तसे खाली मान घालून सांगत होते.

हे गेल्यापासून बांधाच्या अलीकडचं रान मी बघते, पलीकडचं भाऊजी नि त्यांची बायको गोजरबाई. जमीन कागदावर अजून एकच. कापूस मात्र ज्याचा त्याचा. बाजारात नेतात भाऊजीच. परत आले की दारातूनच म्हणतात, "वैनी, तुमचा माल स्वच्छ. तुमाला भाव चढा लागला." मी ऐकून घेते. सुखावतेही. आणि रात्रभर मनात एक खडा टोचत राहतो — खरा भाव काय असेल? माझा भाऊ संतराम दर खेपेला म्हणतो, "हातावर एवढं ठेवतो, तर मागं किती ठेवीत असंल! वाटणी माग." पौषात तो येणार आहे. तेव्हा हो की नाही, ते सांगायचं कबूल केलं आहे.

आता निदान ऐकता येईल. स्वतःच्या कानांनी.

कार्तिक वद्य ७

पहिली वेचणी सुरू. दंव वाळल्याशिवाय मी बोंडाला हात लावत नाही, लावू देत नाही. पाला चिकटला की पुन्हा निघत नाही. डागाळलेला कवडी कापूस वेगळ्या फडक्यात. कमरेची ओटी भरत आली की पोटाशी काहीतरी ऊबदार बिलगल्यासारखं वाटतं. एवढ्यासाठीच मला हे दिवस आवडतात, कुणाला सांगायचं नाही!

दुपारी बांधापलीकडून गोजरबाई ओरडली, "काय बाई, एकेक बोंड धुऊन घेऊन राहिल्या का? भाकर तरी खाया या!" गेले. तिच्या ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणते, "तुमच्या कापसाला चढा भाव. आमच्याला कोन इचारतं!" आणि हसली. थट्टा होती की टोमणा? वीस वर्षं जावा आहोत, अजून तिच्या हसण्याचा अर्थ मला लागत नाही.

तिचं लुगडं यंदाही तेच, फाटलेलं कापून दंड घालून शिवलेलं. भाऊजींना बायकोला एक लुगडं घेता येऊ नये?

मार्गशीर्ष शुद्ध १

आज विचारलंच. "भाऊजी, या खेपेला मीही येते मोंढ्यात."

दोरी वळत होते. हात थांबला. "काहून वैनी? तिथं बिड्यांचा धूर, गड्यांच्या शिव्या. बायामानसाचं काम न्हाई ते."

"भाव ऐकायचाय मला."

"मी सांगतोच की."

"तुम्ही सांगताच हो. पण आता ऐकू येतो म्हणे."

ते पुन्हा वळायला लागले. दोरीला इतका पीळ दिला की ती गुंतून बसली.

संतराम म्हणतो ते खरं असेल का? ज्या माणसाला लपवायचं नाही, तो मला असं अडवील का? मी लग्न होऊन आले तेव्हा ह्या दिराचं नाक पुसलेलं आहे. ह्याच्याविरुद्ध तहसिलीत उभं राहायचं!

मार्गशीर्ष शुद्ध ३

अजून हो म्हणाले नाहीत. पण गाडीत माझ्यासाठी कडब्याची बैठक केलेली दिसली!

मार्गशीर्ष शुद्ध ५

मोंढ्यात जाऊन आले. सगळं लिहिते.

पहाटे निघालो. पुढे भाऊजींची गाडी, मागे गडी हाकत असलेली माझी. नाक्यावर कारकुनाने विचारलं, "माल कोनाचा?" भाऊजी तोंड उघडणार तोच गाडीतून मी म्हटलं, "माझा." नाव विचारलं. यशोदाबाई. त्याने वर पाहिलं आणि लिहून घेतलं. एवढंच झालं, पण पुढची दहा पावलं बैल जरा मिरवत चालले असं मला वाटलं.

अडत आमची बद्रुद्दीनसेठांकडेच, मामंजींपासून. सेठ ओट्यावर चढले, माझ्या गाडीतला कापूस मुठीने उपसून दाखवला — आणि सवयीने खांद्यावरचा रुमाल हातावर टाकून घेणाऱ्यापुढे हात केला! सगळा मोंढा हसला. "सेठ, हात भायेर! हात भायेर!" सरकारी माणूसही हसला. सेठ म्हणतात, "अरे हसा बाबा हसा! उमरभर हात बोलला माझा. तोंडाला आता शिकवून राहिलो!" मग ओरडायला लागले. आवाज चिरका, मध्येच फाटायचा. एकाने बोली केली, दुसऱ्याने ती चढवली. प्रत्येक बोली माझ्या कानावर येत होती. तोंडावर पदर होता, पण आतून मी लहान पोरीसारखी हसत होते.

माझ्या मालाला भाऊजींच्या मालापेक्षा थोडा चढा भाव आला. खरोखर आला, सगळ्यांदेखत! पण दरसाल भाऊजी सांगतात त्यापेक्षा कितीतरी कमी. काटा झाल्यावर मी सेठांना विचारलं, "यंदा भाव पडला का हो सेठ?"

"पडला? काय बोलता बाई! तीन सालांत इतका भाव न्हाई ऐकला."

"पण गेल्या साली मला याहून चढा आला होता."

"तुमाला? कोन बोललं? गेल्या साली तर तुमचा नि पुंजाजीचा एकाच बोटावर, एकाच भावात सोडला मी. लई बसला होता बाजार..."

आणि एकदम थांबले. माझ्या मागे बघत होते. मागे भाऊजी उभे. ते वळले आणि बैलांना पाणी दाखवू लागले. बैलांचं पाणी कधीच पिऊन झालं होतं.

सेठांनी रुमालाने तोंड पुसलं. "माफ करा बाई. तोंड नवीन हाय आमचं. कुठं थांबावं त्याला कळत न्हाई."

परत येताना भाऊजी नरसी गावापर्यंत चालत आले, बैलांच्या कडेने.

"बसा की गाडीत, भाऊजी."

"बैल थकलेत, वैनी."

दोन्ही गाड्या रिकाम्या होत्या.

मार्गशीर्ष शुद्ध ६

चंपाषष्ठी. गोजरबाई भरीत-रोडगा घेऊन आली. ताट ठेवलं, पण गेली नाही.

"कळलं म्हनं तुमाला."

"काहून केलंत असं?"

"मला काय इचारता? त्येला इचारा! तुमचे मालक गेले त्या साली बाजार पार बसला. ह्ये घरी आले तर तुमी दारात उभ्या. 'माझा माल स्वच्छ होता, भाव लागला ना?' म्हनून इचारलं तुमी. त्येच्या तोंडातून व्हय निघून गेलं. आमच्या वाट्यातलं घालून व्हय खरं केलं. मंग पुढच्या साली न्हाई कसं म्हनावं? रुमालाखाली काय झालं ते कुनाला दिसतं?"

"आणि तुम्ही? तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"म्हनले न्हाई? लई भांडले! दोन दिस चूल पेटवली न्हाई. मंग मला बी सवय लागली." हसली. "तेवढी थट्टा करून घेत होते तुमची. तेवढी तरी करू द्याल का न्हाई?"

मी तिच्या लुगड्याच्या दंडाकडे पाहत होते. तिने तो भाग पायाखाली घेतला आणि म्हणाली, "खा, गार होतंय."

मार्गशीर्ष शुद्ध ७

रडले नाही. राग येईल असं वाटलं होतं, की मला लेकरासारखं वागवलं. थोडा आलाही. पण आज रानात उभी होते आणि मनातला तो खडा हुडकत होते, तर तो नव्हताच. इतक्या वर्षांत अशी हलकी झाले नव्हते. सरकारला ठाऊकसुद्धा नसेल, त्याच्या कायद्याने माझं काय उघडं पाडलं!

एकच बोचतं. आता भाऊजींना काही लपवून देता येणार नाही, म्हणून ते माझ्यासमोर यायचं टाळतात. जणू चोरी त्यांनीच केली.

मार्गशीर्ष शुद्ध ९

संतरामला निरोप धाडला. पौषात ये, हुरडा खायला ये. ते दुसरं बोलणं नको.

मार्गशीर्ष शुद्ध १३

भाऊजींना गाठलं. म्हटलं, यंदाच्या माझ्या पैशांतलं काही तरी घ्या. "कशाचं वैनी?" म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले. बराच वेळ गाईशी बोलत होते.

मार्गशीर्ष वद्य २

उद्या दुसरी वेचणी. बांधावर जाऊन गोजरबाईला विचारणार आहे. ती पदर खोचून म्हणेल, "तुमचा स्वच्छ, आमचा पाल्याचा. आमच्यापायी तुमचा भाव काहून पाडता?" नाहीच म्हणणार. तरी विचारणार —

गोजरबाई, यंदापासून दोन्ही रानांतला कापूस एकाच ढिगात टाकू द्या मला.